भोपळ्याच्या डोक्याचं बुजगावणं: हॅलोविनसाठी लाकडावरचं लोकचित्र आणि त्याची झिजलेली चौकट

ऑक्टोबर संपत आला की ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या किंवा नवी मुंबईत नेरुळ-खारघरच्या मोठ्या सोसायट्यांत मुलं तोंडं रंगवून दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. दारांवर प्लॅस्टिकचे सांगाडे आणि कापसाची जळमटं लटकतात आणि आठवड्याभरात कचऱ्यात जातात. त्याऐवजी लाकडावर रंगवलेलं एक चित्र करून ठेवलं तर ते दरवर्षी बाहेर काढता येतं, आणि ते जितकं जुनं दिसेल तितकं शोभतं. यापूर्वी कधी ब्रश हातात धरला नसेल तरी हे जमण्यासारखं आहे. दोन शनिवार-रविवार हाताशी ठेवा; त्यातला बराच वेळ रंग वाळण्यातच जातो.

आधी विषय ठरवू. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला, म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाच्या आदल्या रात्री असतो. त्याची मुळं आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या, सुगी संपताना येणाऱ्या सणात सांगितली जातात. तिकडे लोक सलगम कोरून त्याला भेसूर चेहरा देत आणि आत दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं मोठ्या संख्येनं अमेरिकेत गेली, तिथे त्यांना मोठे भोपळे मिळाले आणि सलगमाची जागा भोपळ्यानं घेतली. चेहरा भयानक असला तरी त्याचं काम वाईटाला दाराबाहेर ठेवण्याचं. आपल्याकडे शेतातल्या बुजगावण्याचं कामही राखणीचंच. दोन काठ्यांची फुली, तिच्यावर जुना सदरा, वर काळं मडकं आणि मडक्यावर चुन्यानं काढलेले डोळे-दात. म्हणून माझी सुचवणी अशी: मडक्याच्या जागी भोपळा असलेलं बुजगावणं, त्याच्या हातावर बसलेली काळी मांजर आणि मांजरीमागे मोठा चंद्र. नवशिक्याला हे सोपंही जातं, कारण सगळं चित्र एका फुलीवर उभं राहतं.

मुंजा किंवा हडळ काढायचा मोह होईल. मी ते टाळते. मजल्यावर राहणाऱ्या एखाद्या आजींना दारासमोर हडळ बघून खरंच वाईट वाटू शकतं आणि त्यांच्या भावनेला मान द्यायला हवा. तसंच वारली चित्रांचं. ठाणे-पालघरच्या या कलेतला चौक, म्हणजे चौकोनी आलेखन, लग्नाच्या विधीत पालघाट देवीसाठी लिहिला जातो. तो उचलून भुतांच्या चित्रात वापरू नये. पण सावली न देता, फक्त सपाट आकारांनी माणूस कसा उभा राहतो, नाचतो, हे शिकायचं असेल तर वारली चित्रं मन लावून बघा. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत पाट्या आणि सामानाच्या पेट्या रंगवणाऱ्यांची चित्रंही अशीच सपाट, ठाशीव असत. आपल्याला तोच बाज हवा आहे.

सामान

चित्रासाठी ६ मिमी जाडीचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला पाट), १० बाय १२ इंच. हार्डवेअरच्या किंवा प्लायवूडच्या दुकानात तुकडा कापून देतात. चौकटीसाठी दोन इंच रुंद, अर्धा इंच जाड लाकडी पट्ट्या: १३ इंचांच्या दोन आणि ११ इंचांच्या दोन. तिरका, ४५ अंशांचा काप घेऊ नका. वरची-खालची पट्टी पूर्ण रुंदीची आणि उभ्या पट्ट्या त्यांच्या मधे, अशी सरळ जोडणी करा. जुन्या, साध्या घरातल्या चौकटी अशाच असत आणि सांधा थोडा उघडला तरी तो शोभून जातो.

नवी मुंबईत पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळ्यांचं, लाकूडही मिळतं, कारण बंदरातून आणि एमआयडीसीतून ते भरपूर निघतं. घेताना त्यावरचा छाप बघा. परदेशातून आलेल्या लाकडी पॅकिंगवर कणसाच्या चित्राशेजारी इंग्रजी अक्षरं असतात. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते घरात आणू नका. काहीच छाप नसेल आणि लाकडावर तेलाचे किंवा रसायनाचे डाग असतील तर तेही सोडून द्या.

घरातली एखादी जुनी, रंगवलेली चौकट वापरायचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आले. त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, आणि असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ श्वासातून आणि हातांवाटे पोटात जाते. मुलांना तिचा त्रास सर्वांत जास्त. अशी चौकट घासू नका, बाजूला ठेवा. नव्या लाकडाला जुनं करणं सुरक्षित आहे आणि त्यात मजाही जास्त आहे.

बाकी सामान कुठल्याही स्टेशनरीच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. ॲक्रिलिक रंग (कॅमलचे, फेव्हिक्रिलचे, कुठलेही चालतील): काळा, पांढरा, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), गेरूच्या जवळचा तांबडा, नारिंगी आणि गडद निळा. एक इंची चपटा ब्रश, सहा नंबरचा गोल, आणि रेघांसाठी एक नंबरचा बारीक. पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० नंबरचे. पाण्यात मिसळणारा वुड प्रायमर, मॅट वॉर्निश, फेव्हिकॉल, साधी पांढरी मेणबत्ती, जुन्या सुती कपड्याच्या चिंध्या, मागच्या कोपऱ्यांना लावायच्या चार लहान लोखंडी एल-पट्ट्या आणि अर्धा इंची स्क्रू. वॉर्निश घेताना मॅटच मागा. चकचकीत वॉर्निशच्या एका हातानं सगळं जुनेपण पुसलं जातं.

लाकूड आधी कोरडं करा

पावसाळ्यानंतर आपल्याकडचं लाकूड ओलावा धरून असतं. आणल्या आणल्या रंग लावला तर ऑक्टोबरच्या उकाड्यात ते आकसतं आणि सांधे सुटतात. पट्ट्या चार-पाच दिवस पंख्याखाली, एकमेकींना न चिकटवता आडव्या ठेवा. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर आणखी थांबा.

मग घासा: आधी ८०, मग १२०. चौकटीच्या बाहेरच्या कडा हातानं गोलसर करा, त्याही एकसारख्या नकोत. एमडीएफ घासताना मास्क लावाच. त्याचा भुसा फार बारीक असतो आणि त्यात डिंकासारखं रसायन असतं. काम गॅलरीत करा, मुलांना लांब ठेवा आणि नंतर ओल्या फडक्यानं जमीन पुसा.

एमडीएफच्या कडा पाणी प्यायला बसलेल्या असतात. फेव्हिकॉलमध्ये तितकंच पाणी घालून तो कडांना बोटानं चोळा, वाळू द्या, आणि मगच पुढून, मागून आणि कडांना प्रायमर द्या. फक्त पुढून दिला तर पाट वाकतो. प्रायमरचे दोन हात, मधे २२० नं हलकं घासणं. चौकटीच्या पट्ट्यांना मात्र प्रायमर लावायचा नाही. त्याचं कारण पुढे येईल.

चित्र

बुजगावणं आधी कागदावर काढा, चित्राच्याच मापात. कडेला अर्धा-अर्धा इंच चौकटीखाली जाणार, म्हणजे दिसणारी जागा ९ बाय ११ इंच. वर उजवीकडे एक वाटी उपडी ठेवून चंद्र काढा, चार इंचांचा तरी हवा. लहान चंद्र काढण्याकडे हात जातो, पण इथे तो मोठाच लागतो. मांजर काळी, आकाशही गडद. चंद्र मागे असेल तरच मांजर दिसणार. बुजगावण्याचा एक हात चंद्राच्या खालच्या भागाला टेकेल असा ठेवा आणि त्यावर पाठ उंचावलेली मांजर बसवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॅलोविनची भेटकार्डं फार चालत, त्यातली बरीचशी जर्मनीत छापली जात. पाठीची कमान केलेली काळी मांजर त्या कार्डांवर हमखास असे. जुन्या हॅलोविनचा म्हणून जो बाज आज ओळखला जातो, तो बराचसा तिथून आलेला आहे.

भोपळा काढण्यासाठी प्रत्यक्ष भोपळा समोर ठेवा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात अख्खा लाल भोपळा मिळतो. देठ बघा: तो पाचकोनी असतो आणि भोपळ्याला मिळतो तिथे पसरतो. देठाजवळ खड्डा असतो आणि सगळ्या फाका त्या खड्ड्यातून निघून पोटाकडे फुगतात. चित्रात पाच फाका पुरतात: मधली पूर्ण, तिच्या दोन बाजूंना तिच्यामागे थोड्या झाकलेल्या दोन, आणि कडेला अगदी अरुंद दोन. रंग मात्र सालीवरून घेऊ नका. आपल्या भोपळ्याची साल मातकट, हिरवट, ठिपक्याठिपक्यांची असते. एक फोड कापून घ्या आणि आतला रंग बघा, तो हवा आहे. भोपळा काम झाल्यावर भाजीला जातोच.

आता पाटावर आकाश: गडद निळा, त्यात काळा आणि थोडा बर्न्ट अंबर. नुसता ट्यूबमधला निळा नवा-नवा दिसतो. दोन पातळ हात द्या. खालच्या तिसऱ्या भागात शेताची जमीन, अंबर आणि ऑकर मिसळून. हे पूर्ण वाळल्यावर कागदाच्या पाठीला पांढरा खडू घासा, कागद पाटावर ठेवून चिकटपट्टीनं धरा आणि रेषांवरून पेन्सिल फिरवा. गडद रंगावर खडूच्या रेषा स्वच्छ उमटतात. काळा कार्बन तिथे दिसत नाही.

मागून पुढे रंगवत या. चंद्र आधी: पांढऱ्यात ऑकरचा थेंब, लोण्याचा रंग येईपर्यंत. मग काठ्या, मग सदरा गेरूच्या रंगात, त्यावर ऑकरची दोन ठिगळं. मग भोपळा, सगळ्यात शेवटी मांजर. फिक्या रंगांना दोन-तीन हात लागतात. एका जाड हातात काम उरकू नका, ब्रशच्या रेघा राहतात. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात ॲक्रिलिक वरून लवकर वाळतं आणि आत ओलं राहतं. बोटाला थंड लागलं तर ते अजून ओलं आहे, असं समजा.

सावल्या देऊ नका. भोपळ्याच्या प्रत्येक फाकेच्या मधोमध फिक्या नारिंगीचा एकच कोरडा फटकारा: ब्रश रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ पुसून टाका आणि वरून खाली एकदाच ओढा. बस. फाकांमधल्या फटी अंबरनं आखा. डोळे, नाक आणि तोंड फिक्या पिवळ्या रंगात, आत दिवा असल्यासारखे. दोन डोळे मुद्दाम सारखे करू नका. एक जरा मोठा, एक जरा वर असला की चेहऱ्यात जीव येतो. मोजून-मापून केलेला चेहरा छापील वाटतो.

रेघांसाठी रंग ताकासारखा पातळ करा आणि करंगळी पाटावर टेकवून हात फिरवा. शिलाईचे टाके, मांजरीच्या मिशा, काठीची गाठ, बाहीतून बाहेर आलेला पेंढा. पेंढा काढताना ऑकर आणि फिका पिवळा आलटून-पालटून घ्या आणि ब्रश टोकाकडे उचलत जा. इथे थोडं रमलात तरी चालेल, चित्राचं घरगुतीपण याच बारीक कामातून दिसतं.

चौकट झिजवणं

हा या कामाचा गाभा आहे. बहुतेकजण चौकट एकाच रंगात रंगवतात आणि मग पॉलिश पेपर घेऊन दिसेल तिथे खरवडतात. ती जुनी दिसत नाही, खरचटलेली दिसते. खरी झीज ठरावीक जागीच होते, आणि तिच्यात थर दिसतात.

हे बघायचं असेल तर बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात जाऊन एखाद्या जुन्या होडीची कड जवळून बघा. होड्या पुन्हा पुन्हा रंगवल्या जातात. जिथे दोर घासतो तिथे मधोमध उघडं, काळवंडलेलं लाकूड असतं. त्याभोवती आधीच्या कुठल्यातरी वर्षीच्या रंगाचं अरुंद कडं, त्याभोवती त्यानंतरच्या रंगाचं, आणि मग आजचा रंग. कडी आतून बाहेर जातात, आणि एका बाजूला रुंद तर दुसरीकडे अरुंद असतात, कारण दोर एकाच दिशेनं ओढला जातो. ही कडी आपल्याला चौकटीवर हवी आहेत. म्हणूनच पट्ट्यांना प्रायमर नको होता: सगळ्यात आत उघडं लाकूड दिसलं पाहिजे, पांढरा प्रायमर दिसला की सोंग उघडं पडतं.

पट्ट्या जोडून घ्या. सांध्यात फेव्हिकॉल, मागून एल-पट्ट्या, आणि रात्रभर दाबाखाली. मग असं करा:

१. बर्न्ट अंबरमध्ये भरपूर पाणी घालून उघड्या लाकडावर फासा आणि लगेच पुसा. लाकूड काळवंडलेलं दिसेल. पूर्ण वाळू द्या.

२. ही चौकट पन्नास वर्षं घरात असती तर हात कुठे लागले असते, याचा विचार करा. उचलताना खालचे दोन कोपरे आणि उभ्या पट्ट्यांचा मधला भाग. फडक्यानं पुसताना वरची कड. खिळ्याला दोरी घासते ती वरची मधली जागा. एवढ्याच ठिकाणी मेणबत्ती दाबून घासा.

३. ऑकरचा, हवं तर त्यात थोडा पांढरा घालून, एक हात सगळीकडे. वाळला की त्याच जागांवर, पण आधीपेक्षा बोटभर जास्त पसरून, पुन्हा मेण घासा.

४. वरून काळा. नुसता काळा घेऊ नका, त्यात अंबर मिसळा म्हणजे तो जुना, तापलेला दिसतो. एक दिवस थांबा.

५. आता १२० चा पॉलिश पेपर मेण लावलेल्या जागी हलकेच फिरवा. मेणावरचा रंग पापुद्र्यानं सुटतो. पेपर एकाच दिशेनं चालवा. काळ्याखालून ऑकरचं कडं आणि त्याच्या आत तपकिरी लाकूड दिसू लागलं की हात थांबवा. आतल्या कडेला, जिथे चित्र सुरू होतं, तिथे अजिबात घासू नका. तो भाग हातापासून वाचलेला असतो, तिथे मळ साचतो.

उरलेलं मेण कोरड्या फडक्यानं रगडून काढा, नाहीतर वॉर्निश तिथे धरत नाही. हेअर ड्रायरची थोडी ऊब दिली तर मेण सहज पुसलं जातं.

रंगाला भेगा हव्या असतील तर त्या एक-दोन ठिकाणीच घ्या, उदाहरणार्थ खालच्या पट्टीवर आणि एका कोपऱ्याजवळ. तिथे ऑकर वाळल्यावर, काळ्याच्या आधी, फेव्हिकॉलचा थर द्या. तो हाताला चिकट लागतोय पण ओला नाही, अशा वेळी काळा रंग एका फटकाऱ्यात ओढा आणि पुन्हा त्यावर ब्रश नेऊ नका. दुसऱ्यांदा फिरवला की खालचा गोंद रंगात मिसळून चिखल होतो. गोंदाचा थर जाड तर भेगा मोठ्या, पातळ तर बारीक. दमट हवेत भेगा पडायला वेळ लागतो. ड्रायर लांबून धरला तर त्या मोकळ्या होतात. टाकाऊ तुकड्यावर आधी करून बघा.

चित्रावर झीज कमी ठेवा. २२० चा घासून गुळगुळीत झालेला तुकडा घ्या आणि सदऱ्यावर, चंद्राच्या कडेवर दोन-चार वेळा फिरवा. चेहरा आणि मांजर सोडून द्या.

शेवटी मळ. आधी चित्राला आणि चौकटीला मॅट वॉर्निशचा एक हात द्या आणि दिवसभर वाळू द्या. त्यावर पाणी घातलेला अंबर लावून लगेच ओल्या चिंधीनं पुसा. खाचांत, सांध्यांत आणि आतल्या कडेला थोडा राहू द्या. वॉर्निश खाली असल्यामुळे जास्त झाला तरी वाळायच्या आत ओल्या फडक्यानं सगळा निघतो आणि पुन्हा करता येतो. यासाठी चहा किंवा कॉफीचं पाणी वापरायचा सल्ला ऐकायला मिळतो, पण आपल्या हवेत त्यावर बुरशी धरते. मग वॉर्निशचा दुसरा हात.

लावणं आणि ठेवणं

पाट चौकटीला मागून चार स्क्रूंनी लावा, फेव्हिकॉलनं चिकटवू नका. स्क्रूची भोकं पाटात किंचित मोठी ठेवा म्हणजे हवामानाप्रमाणे चौकट हलली तरी पाटावर ताण येत नाही, आणि पुढे दुसरं चित्र घालायचं झालं तर तीच चौकट कामाला येते. अर्धा इंची स्क्रू पाटाच्या ६ मिमीतून जाऊन पट्टीत तेवढाच शिरतो. त्याहून लांब घेतला तर पुढून टोक बाहेर येईल.

टांगायला सुतळी किंवा काथ्या. फ्लॅटला बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर दोरी जाळीत अडकवता येते, भिंतीला भोक पाडावं लागत नाही. फक्त चौकटीच्या मागे कोपऱ्यांना फेल्टचे तुकडे चिकटवा, नाहीतर दार उघड-बंद होताना आपटून आवाज होतो. काही वर्षी हॅलोविन दिवाळीच्या आगेमागेच येतो. २०२६ मध्ये ३१ ऑक्टोबर शनिवारी आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. दारावर तोरण लागायच्या आत बुजगावणं उतरवून आतल्या भिंतीवर न्या. तोरणाची जागा तोरणाचीच. चित्राजवळ पणती किंवा मेणबत्ती ठेवू नका. बॅटरीवरची छोटी एलईडी माळ चौकटीच्या मागून सोडली की पुरेसा उजेड पडतो.

ॲक्रिलिक हाताला कोरडं लागलं तरी पूर्ण घट्ट व्हायला काही आठवडे घेतं. म्हणून उतरवल्यावर प्लॅस्टिकमध्ये किंवा वर्तमानपत्रात गुंडाळू नका, दोन्ही रंगाला चिकटतात आणि वर्तमानपत्राची शाईही उमटते. जुन्या सुती चादरीत गुंडाळून कपाटात उभं ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, कारण पावसाळ्यात तिथे ओल येते. सप्टेंबरच्या शेवटी काढून दोन दिवस पंख्याखाली ठेवा, मागचे स्क्रू आवळा, आणि कुठे रंग आपोआप उडाला असेल तर तो तसाच राहू द्या.